दोन नंबरचा पिंजरा

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत मामांची एकोणीस वर्षं गेली होती. पिंजरे घासायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं. उंदीर शिंकला तर यांना ऐकू येतं, माझे गुडघे कुरकुरतात ते मात्र नाही, असं बायको येता-जाता ऐकवायची.

संशोधन करणाऱ्या बाई तीन वर्षं एका रानटी अळंबीच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. तिच्या अर्काने हिवताप उतरेल असं त्यांना वाटत होतं. मामा त्याला कुत्र्याच्या छत्रीचा काढा म्हणायचे आणि बाई हसायच्या. या खेपेला मात्र त्या हसल्या नाहीत. ही शेवटची चाचणी होती. यातून काही निघालं नाही तर अळंबीचं काम बंद, असं मोठ्या साहेबांनी बजावलं होतं.

चार पिंजरे मांडले. सगळ्या उंदरांना उंदरांचाच हिवताप दिलेला. दोन पिंजऱ्यांना अर्क, उरलेल्या दोन पिंजऱ्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते बंद पाकिटात. बाटल्यांवर फक्त आकडे, म्हणजे मोजताना बाईंचंही मन कुठे झुकू नये. चार दिवस बाईंनी डोस पाजले. पाचव्या दिवशी शेपटीतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजले. एक आणि तीन नंबरमध्ये अगदी थोडे निघाले. दोनमध्ये बरेच, चारमध्ये त्याहून जास्त. बाईंनी पाकिटाला हात घातला आणि मामा पुढे सरकले.

तिसऱ्या दिवशी दोन नंबरचे उंदीर अंगावरचे केस उभे करून कोपऱ्यात गोळा झालेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी दोन मुठी कागदाची कात्रणं आत घातली आणि पिंजरा गरम नळाजवळच्या फळीवर ठेवला. बाकीच्या पिंजऱ्यांना काहीच नाही. आता गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"बाई, पाकीट फोडू नका," मामा म्हणाले. "दोन नंबरचे मी लाड केलेत." मग सगळं सांगितलं.

बाईंनी पाकीट खाली ठेवलं. त्यांनी ते जसंच्या तसं वहीत लिहिलं, खाली मामांची सही घेतली आणि मगच पाकीट फोडलं. दोन आणि चार पाणीवाले होते.

"मामा, तुम्ही लाड केलेत ते पाणीवाल्यांचे," बाई म्हणाल्या. "तरी माझी छत्रीच पुढे आहे. पण हे धरता यायचं नाही. सगळं पहिल्यापासून."

साहेब आधी उखडले. मग वहीतलं ते पान दोनदा वाचून त्यांनी एक महिना वाढवून दिला.

दुसऱ्या चाचणीत चारही पिंजऱ्यांत कात्रणं पडली. मामांनी ती तराजूवर तोलून घातली आणि पिंजऱ्यांच्या जागा रोज आलटून पालटून ठेवल्या. अर्कवाल्यांच्या रक्तात जंतू पुन्हा थोडेच निघाले. अळंबीचं काम चालू राहिलं, आणि खोलीच्या नियमांत एक ओळ वाढली: प्रत्येक पिंजऱ्यात कागद, सारखा.

घरी मामांनी हे ऐटीत सांगितलं. उंदरांना बिछाने मिळाले, आता माझ्या गुडघ्यांचं बघा, असं बायको म्हणाली. मामांनी पिशवीतून शेकायची रबरी पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली.

"दोन आणायच्या," ती म्हणाली. "गुडघे दोन आहेत. सारखं नको का?"