मास्तरणीचं पीठ

शेजाऱ्याच्या पोटाविषयी बोलू नये, हे मला कळतं. पण भय्यासाहेबांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, आणि तीही पातळ. दुपारी त्यांचा पाट सरकला की आमच्याकडे पानं घ्यायची वेळ झाली असं समजायचं. त्यांच्या पणजोबांनी शिंदेशाहीत दफ्तर सांभाळलं होतं. ते दफ्तर गेलं, शिंदेशाही गेली, आणि आता मध्यभारत राज्यही जाणार, राजधानी भोपाळला होणार असं आमच्या उज्जैनीतला देवास गेटचा पानवालासुद्धा सांगत होता. भय्यासाहेबांचा तव्यावरच्या गरम पोळीचा हट्ट तेवढा जागचा हलला नव्हता. त्या हट्टापायी त्यांची सून सुलभा लग्न झाल्यापासून चुलीपुढे बसून होती.

सुलभा मॅट्रिक झालेली, वर शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलेली. फ्रीगंजमधल्या मुलींच्या शाळेतल्या एक बाई नवऱ्याच्या बदलीमुळे भोपाळला निघाल्या होत्या. मोठ्या बाईंनी सुलभाला सांगितलं, राखीच्या दुसऱ्या दिवशी हजर झालात तर जागा तुमची, नाहीतर दुसरी कोणी तयारच आहे. हे मला सांगताना सुलभानं पदरानं डोळे टिपले. ही मुलगी कांदा चिरतानाही डोळ्यांतून पाणी काढत नाही, म्हणून मी काय ते समजले. तिचा नवरा अरविंद गरीब गाय. ‘बाबा म्हणतील तसं’ एवढं बोलून तो कचेरीत निघून गेला.

आणि बाबा नाही म्हणाले नाहीत! आधुनिक म्हणवून घ्यायची त्यांना भारी हौस. ते म्हणाले, खुशाल जा, फक्त माझ्या दुपारचं तेवढं बघ. सकाळची गार पोळी त्यांच्या घशाखाली उतरत नाही, आणि परक्या बाईच्या हातचं शिजलेलं त्यांना चालत नाही. म्हणजे होकाराच्या ताटात नकार वाढला. मला असा संताप आला की भिंतीवर लाटणं आपटावंसं वाटलं.

सुलभा मात्र माझं जातं मागायला आली. तिनं गहू, हरभऱ्याची डाळ, मूग आणि थोडे तांदूळ वेगवेगळे भाजले. पहिला घाणा करपला. दुसऱ्याची चव भिंतीच्या चुन्यासारखी लागली, ती मी स्वतः घेतली आहे. तिसऱ्यात तिनं भाजलेलं जिरं आणि सुंठ घातली, आच मंद ठेवली, आणि दळताना सगळ्या गल्लीत खमंग वास सुटला. ताकात मीठ घालून कालवावं किंवा दुधात गूळ घालून, वाटीभर प्यालं की झालं जेवण. कोरडं भाजलेलं पीठ, त्याला ना खरकटं ना विटाळ, कोणी शिवलं तरी चालतं. कालवायचं काम भय्यासाहेबांनी स्वतःच करायचं. त्यांच्या सगळ्या वाटा तिनं अशा बंद केल्या.

त्यांनी डबा हुंगला. म्हणाले, “घोड्यालासुद्धा दाणा चावून खायला मिळतो, सूनबाई.” आणि त्याला त्यांनी नाव ठेवलं, मास्तरणीचं पीठ.

मग अटी ठरल्या. सावनभर दुपारी हेच पीठ, दुसरा कणही नाही, कोणाकडचं आमंत्रणही नाही. दिवेलागणीच्या आत एकदा जरी त्यांना भूक लागली, तर नोकरीचा विषय बंद. नाही लागली, तर सुलभा शाळेत जाणार. या सगळ्या कडक अटी त्यांनीच घातल्या, भूक लवकर लागावी म्हणून. उद्यापासून सावन लागतोच आहे, तर देर कशाला, असंही तेच म्हणाले. पंच म्हणून मला नेमलं, कारण पूर्ण मोहल्ल्यात माझ्याइतकी बारीक नजर कोणाची नाही. मी ती स्तुती समजले. भूक नसताना लागली म्हणतील अशी भीती मला नव्हती. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही, पेच घालणं मात्र आहे.

पहिल्या दिवशी ते पोटावर हात ठेवून भुकेची वाट बघत पडून राहिले. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी ती यावी म्हणून टावर चौकापर्यंत चालत जाऊन आले. कचोरीचा वास आला, भूक आली नाही. पुढेपुढे त्यांनी चालणं सोडलं आणि पिठात गूळ वाढवला. एकदा मी डोकावले तर वाटी बोटानं निपटत होते. पीठ नीट दळलंय का ते बघतोय, असं मला सांगितलं. त्यांच्या मित्राकडे, गोपाळकृष्णपंतांकडे, शुक्रवारचं पुरण होतं, ते मात्र त्यांना बुडवावं लागलं. त्या दिवशी आमच्या भिंतीतून मोठा उसासा ऐकू आला.

राखीचा दिवस उजाडला. सुलभानं उद्याची साडी घडी करून उशाखाली दाबून ठेवली होती. पुनव आली, सावनाबरोबर परीक्षाही संपली असं धरून तिनं नारळीभात केला, केशर घालून. पंच म्हणून मलाही पान होतं. भय्यासाहेब पाटावर बसले, ताट समोर आलं, आणि आपोष्णी घेण्याआधी ते शांतपणे म्हणाले, “पण सूनबाई, आपला श्रावण कुठे संपलाय? तो अमावास्येला संपतो. अजून पंधरा दिवस बाकी आहेत.”

उज्जैनीत दोन श्रावण नांदतात. हिंदी लोकांचा महिना पुनवेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून त्यांचा सावन आपल्याआधी पंधरवडाभर लागतो आणि तेवढाच आधी संपतो. भय्यासाहेबांनी सुरुवात त्यांच्या महिन्याची धरली आणि शेवट आपल्या महिन्याचा. पंधरा दिवसांनी ती जागा कुठली राहायला! माझं डोकं तापलं. सुलभाचा चेहरा उतरला, मला तो बघवेना.

पण क्षणभरच. ती वाकली आणि तिनं त्यांच्या पुढचं ताट उचललं. आत जाऊन पिठाचा डबा आणि ताकाची लोटी आणून ठेवली.

“बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “परीक्षा चालू आहे, तर दुपारी पीठच. या शुक्रवारचं पुरण, पुढच्या शुक्रवारचं, गोपाळकाला, पोळा, सगळ्या दुपारी पीठ.”

सणासुदीला सूट असते, असं त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी म्हटलं, दुसरा कणही नाही ही अट तुमचीच, मी काय बदलणार?

ताट सुलभाच्या हातात होतं. भातावरची वाफ हळूहळू कमी होत चालली होती. भय्यासाहेबांनी एकदा वाफेकडे पाहिलं, एकदा डब्याकडे पाहिलं.

“उज्जैनीचा राजा एकच, महाकाल,” ते म्हणाले. “त्याचा सावन संपला, तर आपला कोण ठेवणार? आण ते ताट.”

महाकालाची पालखीची सवारी आपल्या श्रावणासाठी पुढच्या सोमवारीही निघते, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मी भात कालवला आणि पहिला घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सुलभा शाळेत गेली. निघायच्या आधी तिनं भय्यासाहेबांना विचारलं होतं, सकाळीच भाजी-पोळी करून झाकून ठेवू का. ‘हं, ठेव,’ असं ते म्हणाले होते. दुपारी पाट सरकल्याचा आवाज आला, पण ताटाचा आला नाही. बऱ्याच वेळानं भिंतीवर हळूच टकटक झाली.

“मीनाबाई, थोडा गूळ आहे का हो? आणि मास्तरणीला सांगू नका.”

मी अख्खी ढेप पाठवली, आणि संध्याकाळी सुलभा फाटकातून आत येते न येते तोच तिला सगळं सांगितलं.