बरी झाल्याचा दाखला

हुस्नो वैद्यांनी कोलोंबची हनुवटी दोन बोटांत धरली आणि तिचं डोकं खिडकीकडे वळवलं. मानेची उजवी बाजू उजेडात आली, डावी सावलीत गेली.

"लिहा, फादर," ते म्हणाले. "गाठी बसल्या. कातडी कोरडी."

गावचे पाद्री, फादर लांबेर, टेबलावरचे सलगम बाजूला सारून लिहायला बसले होते. त्यांची लेखणी कुरकुरली.

"आणि डावी?" चुलीपाशी उभ्या असलेल्या तिच्या आईनं, पेरीननं विचारलं.

"डावीकडे उजेड कमी आहे," वैद्य म्हणाले.

"मग फिरवा की तिला. पोरगी आहे, कपाट नव्हे."

वैद्यांनी कोलोंबला फिरवलं नाही. हात मात्र रुमालाला पुसले.

जूनमध्ये रँसच्या मोठ्या चर्चमध्ये फ्रान्सच्या नव्या राजाला अभिषेक झाला होता. तीन दिवसांनी मठाच्या बागेत गंडमाळांचे, मानेवर गाठी येऊन फुटणाऱ्या दुखण्याचे, दोन हजारांवर रोगी गुडघ्यांवर बसले आणि राजा एकेकाच्या चेहऱ्याला हात लावत गेला. अभिषेक झालेल्या राजाच्या हातानं गंडमाळ जाते, असं सगळे मानत. त्याच्या पणजोबाच्या पणजोबाच्या हातानंही जायची. कोलोंब त्या रांगेत होती. आता सप्टेंबर संपत आला होता आणि कोण कोण बरं झालं ते लेखी कळवा, असा वरून हुकूम आला होता.

"उजवी बाजू राजाच्या आधीच सुकली होती," पेरीन म्हणाली. "ईस्टरलाच. रँसच्या रुग्णालयातल्या सिस्टर ओदीलच्या मलमानं."

"मलम सगळेच लावतात," फादर म्हणाले.

"लावतात, म्हणून तर सुकतात."

फादरनी लेखणी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. पेरीनचा नवरा गेला तेव्हा थडग्यापाशी तो तिच्याइतकाच भिजत उभा राहिला होता.

"पेरीन, वसंतात पिठासाठी दंगे झाले. लोक गाड्या फोडताना काय ओरडत होते, ऐकलंस ना? हा कसला राजा म्हणे! आता तूच सांग. ज्या तेलानं त्याला राजा केलं, ते कबुतरानं स्वर्गातून आणलेलं तेल. ते तेल खरं, तर हात खरा. हात खरा, तर पोरगी बरी."

"आणि पोरगी बरी नसेल तर?"

"तर दोनच गोष्टी. एक, राजा खोटा. ती मी बोलणार नाही, तूही बोलणार नाहीस." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "दुसरी, ह्या घरातच काहीतरी खोट आहे. तुझं लग्न पिकं कापायच्या वेळचं ना? आणि हिचा बाप्तिस्मा लगेच पुढच्या फेब्रुवारीतला. मध्ये महिने सहाच. नोंदवही माझ्याकडेच असते."

वैद्य मन लावून सलगम पाहू लागले. कोलोंब नऊ वर्षांची होती. तिनं आईकडे पाहिलं, मग फादरकडे.

"हा कागद जाणार कुठे?" पेरीननं विचारलं.

"वर. मंत्र्यांकडे. कदाचित राजाकडेसुद्धा."

वर गेलेला कागद खाली येत नाही, असा पेरीनचा आजवरचा अनुभव होता. तिनं लेखणी घेतली आणि फादरच्या बोटापाशी सहीची फुली मारली.

पुढच्या रविवारी फादरनी कागदाची नक्कल चर्चमध्ये वाचून दाखवली. बायकांनी कोलोंबचे मुके घेतले. एरवी तिला पाहून पोरांना मागे ओढणाऱ्या बेकरणीनं तिच्या हातात पांढरा पाव दिला. कोलोंबच्या गळ्यात रुमाल होता, तो सोड म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"राजाचा हात गार होता," ती सांगायची. "पण त्याला घाम आला होता. संत्र्याचा वास येत होता."

"तुझ्याकडे पाहिलं त्यानं?"

"पाहिलं की!" ती म्हणायची. पाहिलं नव्हतं हे पेरीनला माहीत होतं, कारण ती मागेच उभी होती. तिनं पोरीला टोकलं नाही. इतक्या वर्षांत पोरीला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

नोव्हेंबरात पहिलं दव गोठलं आणि डावीकडची मोठी गाठ फुटली. दर हिवाळ्यात फुटायचीच. दर हिवाळ्यात पेरीन तिला रँसला सिस्टरांच्या रुग्णालयात नेऊन सोडायची. तिथे फक्त गंडमाळेच्याच रोग्यांना घेत. ईस्टरपर्यंत खाट, गरम सूप आणि रोज जखम धुणं. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात खाट मिळायला पंधरा दिवस उशीर झाला होता, तेव्हा पोरगी जेमतेम वाचली होती.

दोघी पहाटे निघाल्या आणि दुपारी पोचल्या. दार सिस्टर ओदीलनं उघडलं. तिनं कोलोंबला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हिचं नाव खोडलंय, पेरीन. तुमच्या वैद्याच्या कागदाची नक्कल आलीय आमच्याकडे. खाली तुझी फुली आहे."

"फुली माझी आहे. गाठ हिची आहे. बघा."

सिस्टरनं रुमाल सोडला, वाकून हुंगलं आणि हलकेच परत बांधला.

"लवकर आणायचीस, गं."

"आता आणलीय ना. वहीत पुन्हा चढवा नाव."

"काय लिहू? राजानं बरी केलेली मुलगी बरी झाली नाही, असं? माझ्या हातानं?" सिस्टरनं मागे पाहिलं. आत भांडी वाजत होती. "कोलोंब गोदले बरी झाली आहे. पेरीन गोदलेनं तसं सांगितलंय. ह्या दोन नावांना इथे जागा नाही." तिनं आवाज खाली आणला. "दुसरी कुणी आली, तर रिवाजाप्रमाणे विचारपूस करून घेईन. एक खाट रिकामी आहे. संध्याकाळपर्यंत."

दार लागलं. आपटलं मात्र नाही.

पेरीन पोरीला कोपऱ्यावरच्या विहिरीपाशी घेऊन गेली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. तिथे त्या बराच वेळ होत्या. कोलोंब आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "आणि बेकरणीनं विचारलं तर?"

"तुला काही विचारायला ती इथे येत नाही. पुन्हा म्हण पाहू."

कोलोंबनं पुन्हा म्हटलं.

ह्या वेळी दार उघडलं तेव्हा सिस्टरच्या हातात वही होती आणि शेजारी एक तरुण सिस्टर दौत धरून उभी होती. ओदीलनं वर न पाहताच विचारलं,

"नाव?"

"बाबेत."

"आई?"

"वारली."

"ही कोण?"

"माझी मावशी."

"राजानं हात लावलाय का? आता सगळ्यांनाच विचारावं लागतं."

कोलोंबचा हात गळ्यातल्या रुमालाकडे गेला. दौत धरलेली सिस्टर तिच्याकडे पाहू लागली. पेरीननं हात ॲप्रनखाली घट्ट गुंडाळले.

"नाही," पोरगी म्हणाली. "मी राजा कधी पाहिलेलाच नाही."

लेखणी चालली. तरुण सिस्टरनं पोरीचा हात धरला आणि उंबऱ्याच्या आत घेतलं. चार पावलांवर पोरगी थांबली, मागे वळली आणि शिकवल्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली,

"येते, मावशी."