पोस्टमनचा गुडघा

एकतीस वर्षं मी एका नाचाच्या हॉलात ड्रम वाजवला. शाळा चौथीपर्यंत, तीही मागच्या बाकावर. पण ताल? ताल आपला घड्याळासारखा. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलंय, की आमची ही मी तोंड उघडायच्या आधीच म्हणते, "हो, घड्याळ."

हॉल बंद पडला, ड्रम माळ्यावर गेला, आणि त्याच्या खोलीत आता माझी पोरगी कॉम्प्युटरवर संगीत करते. चपलांच्या दुकानातली नोकरी सोडून. पहिलंच काम मिळालं ते नाचाच्या बाईंचं. या बाई साठीच्या पुढच्या लोकांना नाच शिकवतात. त्यांच्या कार्यक्रमासाठी दहा मिनिटांची धून पाहिजे होती. बाईंना पसंत पडली तर पुढची कामंही हिलाच. नाही पडली तर सोमवारपासून परत चपला. तसं तिनं आईला स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं.

पहिली धून लावली, तर बारा म्हातारे-म्हाताऱ्या खिळे ठोकल्यासारखे उभे. बाई म्हणाल्या, "अगं, हे शिवणयंत्र झालं. यावर नाचायचं की फाटलेलं शिवून घ्यायचं?" शनिवारपर्यंत मुदत दिली.

पोरगी तोंड पाडून घरी आली. मला स्क्रीनवर दाखवलं. सगळे ठोके बरोब्बर रेघेवर, फरशी बसवल्यासारखे.

"माणूस थोडा मागंपुढं वाजवतो ना बाबा? मग हेही हलवू." तिनं एक कळ दाबली. ठोके वाटेल तसे सरकले, कुठला पुढं, कुठला मागं.

मी ऐकलं. म्हटलं, "मगाशी मशीन होतं. आता दारू प्यायलेलं मशीन आहे."

"मग तुम्हीच वाजवा की! एकतीस वर्षं काय केलंत?"

आता इज्जतीचा प्रश्न आला. तिनं माझ्यापुढं रबरी गाद्यांची एक छोटी पेटी ठेवली, त्या गाद्यांवर बोटानं मारायचं. कानाला हेडफोन लावले, त्यात टिक, टिक, टिक. पोरीसमोर चुकायचं नाही म्हणून मी श्वास धरून वाजवलं. घाम फुटला. झाल्यावर तिनं स्क्रीन बघितली, तर माझे ठोकेही रेघेवर.

"बघितलंस? घड्याळ!" मी कॉलर ताठ केली.

"बाबा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुम्ही तर मशीनपेक्षा मशीन आहात."

माझी कॉलर खाली आली. आमची ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "एकतीस वर्षांत जेवायला एकदा वेळेवर आला नाहीत. आणि आज जिथं नको तिथं बरे वेळेवर आलात!"

सगळे हसले, पण माझ्या डोक्यात ते घर करून बसलं. हॉलात माझ्या कानात टिकटिक कधीच नव्हती. मग मी कशावर वाजवत होतो? विचार करता करता आठवलं. मी खाली बघायचो. लोकांच्या पायांकडं.

शुक्रवारी सकाळी पोरीबरोबर तालमीला गेलो. कोपऱ्यातलं एक लाकडी खोकं ओढलं आणि त्यावर बसलो.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"माझे बाबा. ड्रम वाजवतात."

"ड्रम कुठाय?"

"त्यावरच बसलोय," मी म्हटलं आणि तळव्यानं खोक्यावर ठेका धरला.

बाराजण नाचायला लागले. त्यांच्यात एक रिटायर पोस्टमन होता, अंगानं चांगला भरलेला. जन्मभर सायकल मारून डावा गुडघा गेलेला. गिरकी घेतली की त्याचा पाय सगळ्यांच्या मागून यायचा. मी त्या पायाकडं बघत वाजवत होतो. पाचव्या फेरीला तो चांगलाच अडखळला, तसा माझा हातही वरच राहिला. पाय टेकला, मग मी मारलं. पोरीनं हे सगळं फोनवर घेतलं.

घरी येऊन तिनं ते कॉम्प्युटरवर टाकलं, आणि मला तोंड लपवायला जागा उरेना. एक ठोका रेघेवर असेल तर शपथ. गिरकी आली की मी मागं, गिरकी झाली की घाईत, आणि फेरी संपताना कसाबसा जागेवर.

"घड्याळ दुरुस्तीला टाकायला झालं," आमची ही म्हणाली.

पोरगी मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. "बाबा, आठ फेऱ्या. आठही वेळा त्याच गिरकीला उशीर. चूक असती तर दर वेळी वेगळीकडं झाली असती." मग तिनं ठोके हलवायचं सोडलं आणि रेघाच हलवल्या, माझ्या खोक्याप्रमाणं. त्यांच्याबरोबर सगळी वाद्यं सरकली, म्हणजे मी थांबलो की सगळा बँड थांबणार.

"ते पाचव्या फेरीचं तेवढं काढ," मी म्हटलं. "लोकांसमोर लाज जाईल."

"बघते," ती म्हणाली. तिचं 'बघते' म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे.

शनिवारी धून लागली. दुसऱ्या फेरीपर्यंत लोकांचे खांदे सैल झाले. बाई हाताची घडी घालून उभ्या, चेहरा दगड. पण त्यांच्या चपलेचं टोक मला दिसत होतं. ते हलत होतं.

पाचवी फेरी आली. काढलं नव्हतंच कार्टीनं. आणि त्या दिवशी पोस्टमन नेमका वेळेवर! गिरकी घेऊन पाय उचलला, तर खाली ठोकाच नाही. तो एका पायावर, बाकीचे अकराही तसेच, एकमेकांकडं बघतायत. कुणीतरी फस्सकन हसलं. आणि ठोका पडला. बाराही पाय एकदम खाली आले, फरशी दणाणली.

धून संपल्यावर बाईंनी विचारलं, "मधेच ते थांबणं कुणी घातलं?"

पोरीनं माझ्याकडं बोट केलं. मी पोस्टमनकडं केलं.

पोस्टमन म्हणाला, "माझ्याकडं काय बघताय? गुडघ्याला विचारा."

"ते तसंच राहू दे," बाई पोरीला म्हणाल्या. "आणि सोमवारी ये. पुढच्या कार्यक्रमाचं ठरवू."

सोमवारी मला दुकान आहे, असं काही पोरगी म्हणाली नाही. "किती वाजता?" एवढंच विचारलं.

बोलण्यात वेळ गेला. घरी पोचेस्तोवर जेवण गार. आमची ही दारातच उभी. "आलं का घड्याळ?"

"गिरकीला थांबलो होतो," मी म्हटलं आणि पोरीला पुढं केलं.