ईथरची बाटली आणि दारातला शिपाई

मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. मित्रांनो, माझ्या पोटात ईथर असायचं. ईथर म्हणजे माणसाला झोपवणारं औषध. रोग्याच्या तोंडावर जाळी, जाळीवर कापड आणि कापडावर थेंबाथेंबानं मी. रोगी आकडे मोजत जाई आणि मधेच आकडे विसरून घोरू लागे.

आगगाडीनं मी चांद्याला आले आणि तिथून बैलगाडीनं आलापल्लीकडच्या एका लहानशा दवाखान्यात. सागवान तोडताना मोडलेले कितीतरी पाय माझ्यामुळं निमूट जुळले. डॉक्टर गुणवंतराव म्हणायचे, "हिच्यासारखी गुणी दुसरी नाही. फक्त हिच्याजवळ कंदील नेऊ नका." कारण मी भडकते. गुणी मंडळींचं असंच असतं.

पुढं फडताळात माझ्या शेजारी एक पिवळी पूड आली. पाण्यात कालवून शिरेत टोचली की रोगी वाक्य पुरं करायच्या आत झोपे. कौतुक तिच्या वाट्याला गेलं, धूळ माझ्या.

एका चैत्रात, भर दुपारी, जवळच्या गावातल्या पोचूला बैलगाडीतून आणलं. मोहफुलं वेचताना अस्वल अंगावर आलं होतं. रक्त घशात उतरत होतं, श्वास घरघरत होता. घशात रबरी नळी घातली तरच हवा आत जाणार होती. पण जागेपणी तो कुणाला तोंडाला हात लावू देईना. त्याला झोपवायचं कशानं?

डॉक्टरांनी आधी माझं बूच काढलं. मला वाटलं, आली आपली वेळ! रक्त गेलेल्या माणसाला मी सांभाळून झोपवते. पिवळी त्याचं उरलंसुरलं बळही खाली आणते. पण जाळी बसायला चेहरा लागतो. अस्वलानं तो ठेवलाच नव्हता. आणि माझ्या सावकाशीला पुरेल एवढा श्वासही उरला नव्हता.

मग पिवळीच. डॉक्टरांनी पोचूच्या बायकोला, रुखमाला विचारलं, "बाई, याला दारू पाजली का?"

"नाई जी. थेंबभरही नाई."

दुखण्यावर मोहाची दारू हा तिकडचा पहिला उपचार. पण दिवस दारूबंदीचे होते, आणि अस्वलाची हकीगत लिहून घ्यायला लटारू हा पोलीस शिपाई दारातच उभा होता. त्यात माझ्या वासानं खोली भरलेली. डॉक्टरांच्या नाकाला मोहाच्या दारूचा वास लागणार कसा? मला ओरडायचं होतं. मित्रांनो, बाटलीला तोंड असतं, जीभ नसते.

डॉक्टरांनी पिचकारी भरली. "बरं झालं, बाई. पोटात दारू असती, तर एवढ्या औषधानं हा पुन्हा उठलाच नसता."

रुखमाचा हात त्यांच्या मनगटावर पडला. "सांगतलं तं त्याले नेतीन का?"

"कुठं?"

तिनं नुसतं दाराकडं पाहिलं.

"लटारूभाऊ," डॉक्टर म्हणाले, "जरा बाहेर जाता का?"

"मी ड्युटीवर हावो, साहेब. जबाब घ्यायचा राह्यला ना."

"गुन्हा अस्वलाचा आहे. ते बाहेरच सापडेल."

शिपाई गेला.

"दोन गिलास पाजली जी," रुखमा रडत म्हणाली. "लय दुखून राह्यलं होतं त्याले. मले काय माहीत!"

डॉक्टरांनी निम्म्याहून जास्त औषध बशीत सोडलं. उरलेलं नाडीवर बोट ठेवून हळूहळू दिलं. नाडी बुडाली, वर आली, पुन्हा बुडाली. मी बाजूला उघडी पडून नुसती पाहत होते. मग नळी आत गेली, आणि पोचूच्या छातीनं एक मोठा श्वास ओढला.

पोचू वाचला. नाक नाही वाचलं.

म्हणून मित्रांनो, डॉक्टर विचारतील ते खरं सांगत जा. आणि मोठे होऊन तुम्हीच डॉक्टर झालात, तर विचारण्याआधी दारात उभा असलेल्याला बाहेर पाठवत जा.

मी रिकामी झाले तेव्हा रुखमानं मला मागून नेलं. आता तिच्या झोपडीत वळचणीला खोचलेली असते. माझ्यात सध्या काय आहे म्हणता? सांगते. आधी दारात कोण उभं आहे, तेवढं बघून या.