आणखी एक पान

हर्षानं नसेचा तुकडा उपकरणाच्या जबड्यात धरला आणि पायाखालचं पेडल दाबलं. बारीक सूर निघाला, वाफेचा एक धागा वर आला. सूर थांबल्यावर तिनं जबडा उघडला. पकड होती तिथं नस चपटी आणि काचेसारखी झाली होती, दोन्ही बाजू वितळून एकजीव झालेल्या. तिनं ती मधोमध कापली, मोकळ्या तोंडात नळी बसवली आणि मिठाच्या पाण्याचा पंप सुरू केला. पडद्यावरचा आकडा चढू लागला. माणसाच्या रक्तदाबाच्या दुप्पट झाला, आणखी थोडा चढला, आणि बंद केलेल्या जागेतून पाण्याची चिळकांडी थेट तिच्या चष्म्यावर आली.

"फुटली?" पलीकडच्या टेबलावरून सिद्धेशनं विचारलं. तपासणी विभाग तो बघायचा.

"फुटली."

सिद्धेश उठून आला, वाकून पाहून त्या खेपेच्या खोक्यांवर लाल पट्टी लावायला गेला. गोव्यात तुये गावच्या त्या कारखान्यात शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तवाहिन्या बंद करायची उपकरणं बनत. बंद केलेली नस माणसाच्या रक्तदाबाच्या तिप्पट दाब सोसते की नाही, हे पाहायचं काम हर्षाचं. एक जरी आधी फुटली, तरी ती खेप गेटबाहेर पडत नसे.

नसा डुकरांच्या असत. माणसाच्या नसेशी त्याच जास्त मिळत्याजुळत्या. कत्तलखान्यातून बाबली रोज सकाळी बर्फाच्या डब्यात त्या आणून द्यायचा.

जवळच्या चोपडे गावी, घरी मात्र हर्षानं एवढंच सांगितलं होतं की आपण मशिनं तपासतो. नवऱ्याला, प्रज्योतला, सगळं माहीत होतं. सासूला नव्हतं. घरात मासळी रोजची, पण डुकराचं नावही वत्सलाबाई स्वयंपाकघरात घेऊ देत नसत. कामावरून आल्यावर हर्षा आधी न्हाणीत जायची आणि मगच चुलीकडे. सून शिवाशिव पाळते असं वत्सलाबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, तेव्हा हर्षा मान खाली घालून नारळ खवत राही.

त्या दिवशी दुपारी प्रज्योतचा फोन आला. आईला घेऊन तो म्हापशाला डॉक्टरकडे गेला होता. वत्सलाबाईंच्या गळ्याची गाठ गेल्या काही वर्षांत वाढत वाढत आता श्वासनळीवर चेपत होती. आडवं झालं की घुसमटायचं, म्हणून त्या पाठीला उशी लावून बसल्या बसल्या झोपत. गाठ काढावीच लागेल, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि आईनं नाही म्हटलं होतं.

का, ते दोघांनाही ठाऊक होतं. वत्सलाबाईंची धाकटी बहीण विमला हिला अशीच गाठ होती. सावंतवाडीकडे तिचं माहेर आणि सासरही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तिची गाठ काढली. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, पेज प्यायली, बहिणीशी दोन शब्द बोलली, आणि खोकला आल्याचं निमित्त होऊन गेली. आत बांधलेल्या एका नसेचा दोरा सुटला होता. वत्सलाबाई तिच्या उशाशीच होत्या.

संध्याकाळी हर्षा न्हाऊन आली तेव्हा त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. हर्षा शेजारी टेकली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिनं विचारलं नाही. वत्सलाबाईच बोलल्या. डॉक्टरीण तरुण आहे म्हणाल्या, अश्विनी नाव. आता दोऱ्यानं बांधत नाहीत, यंत्रानं नस बंद करतात, असं तिनं समजावलं होतं.

"तुमच्या थंय तीच यंत्रां करतत ना?"

"होय, आई."

"मगे खरां सांग. विमलाचो दोरो सुटलो. ह्यां सुटत नाय कशावरून?"

नाही सुटत, असं म्हणणं सोपं होतं. प्रज्योतनं तेच म्हटलं असतं. हर्षाच्या डोळ्यांसमोर सकाळची ती चिळकांडी आली.

"सुटू शकता," ती म्हणाली. "आज सकाळीच एक फुटली माझ्यासमोर. म्हणून ती सगळी खेप आमी भायर सोडली नाय. तुमच्या गळ्यात जितको दाब आसता, तेच्या तिप्पट दाब आमी देतो. तितको सोसला तरच पुढे. मी रोज ह्यांच करतंय, आई. सकाळपासून सांजपर्यंत, फोडून बघतंय."

वत्सलाबाईंनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. हर्षाच्या लक्षात आलं की पुढचा प्रश्न येणार आहे.

"फोडून म्हणजे? कसल्यार बघतास? नस खंयची?"

घरात प्रज्योतनं लावलेला पंखा करकरत होता. हर्षानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"डुकराची," ती म्हणाली.

वत्सलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. त्या रात्री जेवण त्यांनीच वाढलं, पण हर्षाच्या ताटाकडे पाहिलं नाही. हर्षानं प्रज्योतला सांगितलं, सगळं बिघडवलं मी. तो म्हणाला, असू दे, खोटं सांगितलं असतंस तर तिला कळलंच असतं.

सकाळी ती कामावर निघाली, तर डबा भरून ओट्यावर ठेवलेला होता, रोजच्यासारखा. आणि वत्सलाबाई प्रज्योतला सांगत होत्या, डॉक्टरणीला फोन कर, श्रावणाच्या आधीचा दिवस मिळतो का बघ.

शस्त्रक्रियेच्या दिवशी प्रज्योत खाली औषधांच्या रांगेत आणि हर्षा दाराबाहेरच्या बाकड्यावर होती. आत काय चाललं असेल ते तिला इतरांपेक्षा जास्त कळत होतं, आणि त्याचाच त्रास होत होता. जबडा मिटला असेल. सूर निघाला असेल. आता उघडला. ती एकेक नस मनात बंद करत होती आणि प्रत्येक वेळी पुढच्या क्षणाला डोळे मिटत होती.

दार उघडून डॉक्टर अश्विनी बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढत म्हणाल्या, गाठ मोठी होती, पण पूर्ण निघाली. रक्त फारसं गेलंच नाही. आवाज थोडे दिवस बसलेला राहील, घाबरू नका.

उपकरण कुठल्या कंपनीचं होतं, हे विचारायचं हर्षाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं नाही. हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच कपाळाला लावून ती बाकड्यावर बसली. प्रज्योत धावत वर आला तेव्हा ती रडत होती, आणि तो आधी भलताच घाबरला.

दुसरा दिवस गेला. वत्सलाबाई उठून बसल्या, पेज प्यायल्या, खोकल्या. खोकताना त्यांनी हर्षाचं मनगट घट्ट धरलं होतं. खोकला थांबला. गळ्यावरची पट्टी कोरडीच होती. तरी त्यांनी मनगट लगेच सोडलं नाही.

हर्षा कामावर परतली त्या सकाळी बाबलीनं डबा टेबलावर ठेवून सासूची चौकशी केली. तो गेल्यावर तिनं झाकण उघडलं, आणि हातमोजे न घालता थोडा वेळ तशीच उभी राहिली.

डुकराचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. वत्सलाबाई आता आडव्या झोपत. चवथीला गणपतीच्या नैवेद्याच्या नेवऱ्या त्यांनी स्वतः तळल्या. आवाज मात्र अजून पुरता आला नव्हता. बोलणं कुजबुजल्यासारखं, म्हणून त्या कमीच बोलत.

मग पितृपक्षातला म्हाळ आला, सखारामचा, वत्सलाबाईंच्या नवऱ्याचा. भटजी विधी आटोपून गेले. मागच्या पडवीत प्रज्योतनं केळीची पानं मांडली, कावळ्याला, गायीला आणि कुत्र्याला. वत्सलाबाईंनी तिन्हींवर भात, वरण, भाजी, वडे, खीर वाढली. मग कोयती घेऊन त्या परसात गेल्या आणि आणखी एक पान कापून आणलं. ते पाण्यानं पुसून बाकीच्यांसारखंच भरलं, भातावर तूप घातलं.

"ह्यां कोणाचां, आई?" प्रज्योतनं विचारलं.

वत्सलाबाईंनी पान दोन्ही हातांनी उचलून हर्षासमोर धरलं आणि परसाच्या टोकाकडे मान केली. तिथल्या दगडी गडग्यापलीकडे, चिखलात, खालच्या वाड्यावरची डुकरं चरायला यायची.

हर्षाला क्षणभर पान घेताच येईना. माडावर कावळे जमून ओरडत होते.

"आदी कावळ्याचां ठेवूया ना?" ती म्हणाली. "बाबा खोळंबतले."

वत्सलाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"आदी ह्यां," त्या कुजबुजल्या. "तेंका मी सांगलंय."