नूतनच्या मापाचं लाल हेल्मेट

मित्रांनो, माझ्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग आहे आणि ती मी मोठ्या तोऱ्याने मिरवतो. मी सिंदेवाहीचं एक जुनं, लाल सायकल हेल्मेट आहे. फुटक्याला कसला आलाय तोरा, असं म्हणाल. आधी ऐका तर खरं!

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. वरून टणक कवच, आत जाड, हलका फोम आणि वारा खेळावा म्हणून लांब लांब झरोके. एवढा नखरा घेऊन मी २००३ च्या हिवाळ्यात हाजराबाईंच्या सायकल दुकानात आलो. तिथं माझी पार शोभा झाली. जो तो मला उचलायचा, लहान आहे म्हणायचा आणि शेजारच्या मोठ्या काळ्या हेल्मेटाकडे वळायचा. आपल्याकडे रीतच आहे ना, सदरा असो की चप्पल, घ्यायची ती वाढत्या अंगाची! मी खुंटीवर धूळ खात राहिलो. फार वाईट वाटायचं हो.

त्या वर्षी तालुक्याच्या सायकल शर्यतीत हेल्मेट सक्तीचं झालं, म्हणून नूतन आईला घेऊन दुकानात आली. दहावीतली पोर, रोज जंगलाच्या रस्त्याने शाळेपर्यंत सायकल हाणणारी. शर्यत जिंकणारीला जिल्ह्याच्या संघात जागा होती आणि ती नूतनला काहीही करून हवी होती. तिची आई मीराबाई मोठी हिशेबी. तिनं थेट काळं हेल्मेट उचललं. ते पोरीच्या नाकावर आलं, तर डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवतात ती कापडाची चुंबळ तिनं पिशवीतून काढली आणि आत कोंबली. झालं माप! मला हसावं की रडावं कळेना.

हाजराबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी नूतनला फक्त मान हलवायला सांगितली. काळे महाराज गर्रकन फिरून कानावर आले. मग त्यांनी टेपने तिच्या डोक्याचा घेर मोजला आणि मला खाली काढलं. भुवयांच्या वर दोन बोटं मला सपाट बसवलं, पट्टे कानाखाली जुळवले, हनुवटीखाली जेमतेम बोट शिरेल एवढी पकड ठेवली. उंच बांधलेली वेणी आड येत होती, ती खाली घ्यायला लावली. नूतननं मान झटकली, वाकली, उड्या मारल्या. मी तसूभर हललो नाही, आणि कुठं टोचलोही नाही.

"पुढच्या साली हे पुरन का हिले?" मीराबाईंनी विचारलं.

"बाई, पोरगी आज पडली तर डोक्शाले आजच लागन," हाजराबाई म्हणाल्या.

मीराबाईंनी काळ्या हेल्मेटातली चुंबळ काढून परत पिशवीत टाकली. मग त्यांनी मला नूतनच्या हातात दिलं.

शर्यतीच्या दिवशी रस्ता मोकळा ठेवा अशी दवंडी फिरली होती. पण रस्त्याकडेच्या शेताचे मालक दसरूभाऊ कुणाचं ऐकतात! एवढ्या सायकली जातील, आयती मळणी होईल, या हिशेबाने त्यांनी शेवटच्या वळणावर धान पसरलंच. नूतन सगळ्यांच्या पुढे होती. चाक धानावर गेलं आणि सर्रकन निसटलं. पोर पुलियाच्या, म्हणजे तिथल्या छोट्या पुलाच्या, दगडी कठड्यावर आदळली, डोक्यावरच. सगळा मार मी अंगावर घेतला आणि तडकलो.

दसरूभाऊ रडवेले होऊन धावत आले, हलू नको म्हणाले. नूतननं डोळे उघडले.

"भाऊ, माही सायकल कुठी आहे?"

साखळी तुटली होती. पण सायकल सोबत असली की शर्यतीत पायी गेलं तरी चालतं; तिनं ती खांद्यावर घेतली आणि पळत सुटली. मागची पोरगी घंटी वाजवत जवळ येत होती, बाजारचौक ओरडून ओरडून घसा फाडत होता, आणि आमची नूतन सायकलीसकट सगळ्यांच्या आधी चौकातली शेवटची रेघ ओलांडून गेली! काय सांगू मित्रांनो, फुटूनही माझी छाती फुगली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. कोपर सोललं होतं, डोक्याला ओरखडाही नव्हता. मीराबाईंनी माझ्या भेगेवरून हात फिरवला आणि तिथंच रडू लागल्या.

आता मी त्यांच्या ओसरीत टांगलेला आहे. शेजारच्या डोमा नावाच्या पोरानं मला मागितलं होतं, पण नूतननं दिलं नाही. मार खाल्लेलं हेल्मेट दुसऱ्यांदा डोकं वाचवत नाही, हे तिला ठाऊक आहे. जिल्ह्याच्या शर्यतीसाठी नवं आणायला मीराबाई निघाल्या, तेव्हा दारातून परत फिरल्या आणि नूतनला सोबत घेऊन गेल्या. डोकं घरी ठेवून हेल्मेट घेता येत नाही, मित्रांनो.

माझं काम एकाच पडण्यापुरतं होतं. ते मी चोख केलं.