साडेचारशे वॅटची बाधा

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. आत एका लहानशा खोलीत अर्धी सोसायटी कोंबलेली. मध्ये टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार, आणि त्याच्यासमोर चाकाच्या खुर्चीवर मांडी घालून बसलेले ऊर्जानाथ महाराज. खुर्ची सारखी एका बाजूला वळत होती. महाराजांचं मुख कुठल्या दिशेला असावं, हे ठरवण्याचं काम मागे उभ्या असलेल्या कॉम्प्युटर दुकानदार नितेशकडे होतं. तो हळूच खुर्ची सरळ करत होता.

"हा डबा नाही," महाराज कॅबिनेटवर तळहात टेकवून म्हणाले. "हा देह आहे. पंखा म्हणजे श्वास. प्रोसेसर म्हणजे आज्ञाचक्र. माणसाला बाधा होते तशी यंत्रालाही होते. विधवेच्या शरीरातून उलटी कंपनं निघतात, हे परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय."

कुठल्या शास्त्रज्ञांनी, हे कोणी विचारलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र काका तर अशी मान हलवत होते, की तो शोधनिबंध त्यांनी स्वतः तपासला असावा.

"त्या बाईंना उंबऱ्यावर उभं करा. आणि ताई, तुम्ही तुमचं रोजचं काम सुरू करा."

सुलक्षणा आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या अस्मितानं माऊस हलवला आणि काम सुरू केलं. पंखे घरघरले, आवाज चढत गेला, आणि खट्‌कन स्क्रीन काळा पडला. पाठोपाठ जळकट वास आला.

खोलीतून एक सुस्कारा फिरला. "चितेचा वास," महाराज हलक्या आवाजात म्हणाले. आत्यांच्या बाजूला उभी असलेली शेजारची मानसी एक पाऊल बाजूला सरकली. आत्यांनी ते पाहिलं.

सुलक्षणा आत्या ही अस्मिताच्या नवऱ्याची, देवव्रतची आत्या. यजमान गेल्यावर मूलबाळ नसलेल्या आत्यांना देवव्रतनंच इथे आणलं होतं. अस्मिता घरूनच बिल्डरांसाठी इमारतींची थ्रीडी चित्रं करायची. इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल ते दाखवणारी चित्रं. काम वाढलं म्हणून तिनं भांडुपच्या नितेशच्या दुकानातून नवं, दणदणीत ग्राफिक्स कार्ड घेतलं. नितेशनं घरी येऊन ते बसवून दिलं आणि त्या दिवसापासून मशीन काम करता करता बंद पडायला लागलं. त्यात विचित्र गोष्ट अशी, की ते नेमकं आत्या चहा घेऊन आत आल्या की बंद पडायचं. एकदा नाही, अनेकदा. तक्रार करताना देवव्रतनं नितेशला ते गमतीनं बोलून दाखवलं. नितेशनं ते गमतीनं घेतलं नाही. "साहेब, कार्डात काही फॉल्ट नाही. माझ्या ओळखीचे एक महाराज आहेत, बघा ना एकदा," तो म्हणाला, आणि देवव्रतनं त्यांना बोलावलं.

आता महाराजांनी आत्यांना बाहेर पाठवलं, कॅबिनेटवर तांब्याची पट्टी चिकटवली आणि मशीन पुन्हा चालू करायला लावलं. स्क्रीनवर सुरुवातीचं नेहमीचं डोंगराचं चित्र उमटलं. मंत्र झाले, आरती झाली. मशीन मुकाट चालू होतं. बायकांनी स्क्रीनला हात जोडले.

"महाराज, काम सुरू करून बघू का?" अस्मितानं विचारलं.

तिचा हात माऊसपर्यंत पोचायच्या आत नितेश मध्ये आला. "नको मॅडम, नुसतं चालू राहू दे."

"पट्टीत ऊर्जा मुरू द्यावी लागते," महाराज म्हणाले. "आणि त्या बाईंना या घरात ठेवू नका. मढला आमचा आश्रम आहे. तिथे अशा पुष्कळ माता सेवा करतात. स्वयंपाक, झाडलोट, त्यातच त्यांची शुद्धी होते. आमची गाडी खाली उभीच आहे."

महाराज शरच्चंद्र काकांकडे जेवायला गेले. गर्दी त्यांच्यामागे गेली. आतल्या खोलीत आत्या कपाटातून साड्या काढून बॅगेत भरत होत्या. त्या रडत नव्हत्या, एकेक घडी नीट दाबून बसवत होत्या.

"आत्या, हे काय चाललंय?"

"माझ्यामुळे तुझं काम बुडायला नको गं."

अस्मिता देवव्रतकडे वळली. "तू बोलणार आहेस का काही?"

"यार, तू पण बघितलंस ना डोळ्यांनी," तो म्हणाला. "पट्टी लावली आणि चालू राहिलं."

"चालू राहिलं, कारण ते काहीच करत नव्हतं."

हे बोलता बोलताच तिला लख्ख दिसलं. ती टेबलाशी गेली, पट्टी तशीच ठेवली, आत्या आतल्या खोलीतच होत्या. तिनं काम सुरू केलं. पंखे घरघरले आणि मशीन बंद. मग तिनं आत्यांना हाताला धरून आणलं, शेजारी बसवलं आणि मशीन पुन्हा लावून नुसतं चालू ठेवलं. आत्या बसून राहिल्या, डोंगराचं चित्र हललं नाही.

"चहा," ती म्हणाली. "आत्या, तुम्ही चहा आणलात की मी काय करते? रेंडर लावते. म्हणजे चित्र तयार करायचं जड काम मशीनवर सोडते आणि चहा प्यायला मोकळी होते. तुम्ही आलात म्हणून ते बंद नाही पडत. तुम्ही आलात की मी त्याला राबवते, म्हणून पडतं."

तिनं मशीनची वायर काढली, कॅबिनेटची बाजू उघडली आणि तळाशी बसवलेल्या, सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायवरचं लेबल वाचलं. मग माळ्यावरून कार्डाचं खोकं काढलं. देवव्रतनं दोन्ही आकडे पाहिले आणि तो खाली फरशीवर बसला.

जेवणं उरकून महाराज, नितेश आणि मागोमाग गर्दी परत आली तेव्हा कॅबिनेट उघडं होतं आणि हार कचऱ्याच्या डब्यात होता.

"हे काय केलंत," शरच्चंद्र काका म्हणाले.

"काका, तुम्ही बँकेत ऑफिसर होतात ना? हे जरा मोठ्यानं वाचा."

काकांनी चष्मा लावला. पॉवर सप्लायवर लिहिलं होतं साडेचारशे वॅट. खोक्यावर छापलं होतं, या कार्डासाठी किमान साडेसातशे वॅटचा पॉवर सप्लाय हवा.

"मशीन नुसतं चालू असतं तेव्हा कार्ड जेमतेम वीज खातं," अस्मिता म्हणाली. "काम सुरू झालं की हावऱ्यासारखं ओढतं. एवढी वीज या सप्लायला देता येत नाही. जळू नये म्हणून तो स्वतःला बंद करतो. आणि हा तुमचा चितेचा वास."

तिनं कार्डाला जोडलेली वायर उचलली. या सप्लायला कार्डासाठी लागणारी वायरच नव्हती, म्हणून नितेशनं दुसऱ्याच वायरीला जोड लावून काम भागवलं होतं. जोडाचं प्लॅस्टिक वितळून काळं झालं होतं.

"अजून थोडे दिवस गेले असते तर घर पेटलं असतं. नितेश, कार्ड विकताना माझ्याकडे कुठला पॉवर सप्लाय आहे, विचारलंस?"

"कस्टमर विचारत नाहीत ना मॅडम."

"कस्टमरचं सोड, तू विचारलंस का? बसवताना लेबल तुझ्या डोळ्यांसमोर होतं."

"एकदा विकलेलं कार्ड कंपनी परत घेत नाही हो," नितेश पुटपुटला. "तक्रार आली की महाराजांकडे पाठवतो. त्यांना एवढंच सांगून ठेवलंय, नुसतं ठेवलं तर चालतं म्हणून."

महाराज दाराकडे वळले. "अश्रद्ध घरात ऊर्जा टिकत नाही," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

अस्मितानं वायर आणि नवं कार्ड काढलं, कपाटातलं जुनं, कमी वीज खाणारं कार्ड बसवलं, आत्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांसमोर रेंडर लावलं. मशीन हळूहळू, पण न थांबता चित्र पूर्ण करत गेलं. कोणी हात जोडले नाहीत.

आत्या उठून मानसीसमोर उभ्या राहिल्या. "मगाशी तू बाजूला सरकलीस. का गं?"

मानसी परत आत्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तू तरी काय करणार. मी स्वतःच बॅग भरत होते," आत्या म्हणाल्या. "अस्मिता, मढला त्या बायका आहेत ना, त्यांच्याही घरात असंच काहीतरी बंद पडलं असेल. पोलीस चौकीत चल. मी सांगते सगळं."

त्या दोघी जिना उतरल्या. देवव्रत मान खाली घालून त्यांच्यामागे गेला. मढची गाडी फाटकाबाहेर पडत होती. अस्मितानं तिचा नंबर टिपून घेतला.

मशीन का बंद पडलं, याचं उत्तर मशीनवरच छापलेलं होतं. ते वाचायला सिद्धी लागत नाही, बाजूचा पत्रा काढावा लागतो. नवं कार्ड घ्यायच्या आधी ते किती वीज मागतं आणि आपला पॉवर सप्लाय किती देऊ शकतो, एवढं पाहिलं असतं तर महाराजांना या घरात पाट मिळाला नसता. आणि तेही समजत नसेल, तर नाही समजलं म्हणावं आणि जाणत्याला विचारावं. पण उत्तर सापडत नाही म्हणून घरातल्या एका बाईला उंबऱ्यावर उभं करू नये.